रेडिओ बंद होता होता

१० ऑक्टोबर १९३१ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्ता इथली रेडिओ केंद्रं बंद करण्याचा निर्णय घेतला. जागतिक मंदीने सरकारी तिजोरीला ओहोटी लागली होती, प्रत्येक खात्यात कपात चालू होती आणि अशा वेळी रेडिओ ही सरकारला चैन वाटली. देशभरात रेडिओचे परवानेधारक होते जेमतेम आठ हजार. एवढ्या लोकांच्या करमणुकीसाठी पैसा का ओतायचा, असा हिशेब होता. पण २३ नोव्हेंबरला, म्हणजे दीड महिन्याच्या आतच, सरकारला हा निर्णय मागे घ्यावा लागला. श्रोत्यांचा संताप होताच, बंगालमध्ये तर तो फार तीव्र होता. त्याच्या जोडीला उभे राहिले ते रेडिओचे विक्रेते. त्यांच्या दुकानांत सेट पडून होते, भांडवल अडकलं होतं, आणि ऐकायला काही उरलंच नाही तर हा माल घेणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता.

भारतातल्या घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापाराचा एकत्रित दबाव सरकारी धोरणावर पडल्याची ही अगदी सुरुवातीची घटना. रेडिओच्या इतिहासात तिला दोन-चार ओळी मिळतात. त्या काळच्या चांदा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीतून, तिच्याकडे पाहिलं तर तिचा अर्थ अधिक उलगडतो. व्यापाऱ्यांची एकजूट किती दूर पोचते आणि कुठे थबकते, हे या जंगलपट्ट्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

विक्रेत्यांवरचा कर आणि कंपनीचा तोटा

रेडिओ हा धंदा विचित्र होता. शिवणयंत्र विकलं की विक्रेत्याचं काम संपतं, कारण यंत्र स्वतःच उपयोगी असतं. रेडिओचा सेट मात्र कुणीतरी रोज कार्यक्रम प्रसारित केला तरच कामाचा. हे इंग्लंडमधल्या कारखानदारांना लवकर उमगलं. १९२२ साली मार्कोनी, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स, जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या सेट बनवणाऱ्या कंपन्यांनीच एकत्र येऊन ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. आजच्या बीबीसीचं मूळ त्या कंपनीत आहे. अमेरिकेत १९२४ मध्ये शिकागोला रेडिओ उत्पादकांची संघटना स्थापन झाली. नावं बदलत बदलत तीच पुढे कन्झ्युमर टेक्नॉलॉजी असोसिएशन झाली आणि दरवर्षी भरणारं जगप्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन तिचंच.

हिंदुस्थानात अशी सुरुवात होणं शक्य नव्हतं, कारण इथे सेट बनतच नव्हते. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया आणि टपाल-तार खात्याने मिळून मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रसारित केला होता आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला होता. पुढे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे हौशी मंडळींचे रेडिओ क्लब निघाले, पण त्यांच्याकडे पैसा नव्हता. अखेर इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीला सरकारने परवाना दिला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. पुढच्याच महिन्यात कलकत्ता केंद्रही सुरू झालं.

कंपनीचं अधिकृत भांडवल १५ लाखांचं होतं, प्रत्यक्षात जमले ६ लाख. उत्पन्नाचे मार्ग दोन. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला १० रुपये परवाना शुल्क द्यायचं आणि त्यातले ८० टक्के कंपनीला मिळायचे, हा पहिला. दुसरा मार्ग व्यापाऱ्यांच्या खिशातून जात होता. परदेशातून येणाऱ्या सेटच्या बीजकातल्या किमतीवर १० टक्के रक्कम कंपनीला द्यायची होती.

इंग्लंडमध्ये जो विकत होता, त्याचाच प्रसारणात वाटा होता. मुंबईतल्या आयातदाराला वाटा नव्हता, फक्त देणं होतं. कार्यक्रम काय असावेत, केंद्र कुठे उभारावं, यात त्याला कुणी विचारत नव्हतं. साहजिकच ही रक्कम चुकवण्याकडे कल राहिला. परवान्याचंही तेच झालं. चोरून ऐकणाऱ्याला पकडायचं तर तो सेट प्रत्यक्ष वापरत होता, हे सिद्ध करणं कठीण जाई. प्रसारणाचे इतिहासकार एच. आर. लुथरा यांनी परवान्यांचे आकडे दिले आहेत. १९२७ अखेर ३,५९४, १९२८ अखेर ६,१५२, १९२९ अखेर ७,७७५. वाढ होती, पण कंपनीचा महिन्याचा खर्च ३३ हजारांच्या घरात होता. तो २४ हजारांवर आणूनही तोंडमिळवणी होईना. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

तीस मैलांपलीकडचा जिल्हा

या सगळ्यात चांदा कुठे होता? नकाशावर मुंबईपासून सरळ रेषेत जवळपास ७०० किलोमीटर. मुंबईच्या दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकाचा भरवशाचा पल्ला ३० मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरचा. कल्याण ओलांडलं की दिवसाचा आवाज विरायला लागायचा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात एकही केंद्र नव्हतं. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर जातात, त्यामुळे चांद्यासारख्या ठिकाणीही रात्री एखादं केंद्र लागू शकत असे. पण आवाज मध्येच चढायचा, मध्येच बुडायचा आणि पावसाळ्यात विजांच्या कडकडाटाने नुसती खरखर उरायची.

लांबच्या गावात रेडिओ चालवणं म्हणजे काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. सुईने स्फटिक चाचपत ऐकायचा स्वस्त क्रिस्टल सेट केंद्राच्या जवळपासच चालायचा. लांबून ऐकायचं तर व्हॉल्व्हचा सेट हवा. जिथे वीज नाही, तिथे या सेटला बॅटऱ्या लागायच्या. व्हॉल्व्हची तार तापवायला दोन व्होल्टची, आम्ल भरलेली काचेची जड बॅटरी. ती उतरली की वीज असलेल्या गावी नेऊन भरून आणायची. उच्च दाबासाठी कोरड्या घटांचा मोठा ठोकळा. तो भरता येत नसे, संपला की नवा आणायचा. शिवाय बाहेर दोन उंच खांबांना ताणलेली एरिअलची तांब्याची तार आणि जमिनीत पुरलेली अर्थिंगची पट्टी. एक व्हॉल्व्ह गेला तरी सेट मुका.

आता हे सामान वैनगंगेपलीकडे न्यायचं, असा विचार करा. काझीपेठ ते बल्लारशाह हा दुवा १९२९ मध्ये जोडला गेला आणि चांदा-बल्लारशाह उत्तर-दक्षिण हमरस्त्यावर आले. पण रेल्वे चांद्याच्या बाजूने गेली. पूर्वेकडच्या मोठ्या जंगलभागाच्या वाट्याला, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला, वडसा हे एकच स्टेशन आलं. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा इथवर जायचं म्हणजे पावसाळ्यात नद्या-नाल्यांनी तुटणारी वाट. बॅटरी भरून आणण्याची फेरीच तिथे मोठा प्रवास ठरला असता. १९३१ मध्ये मुंबई-कलकत्त्याचे विक्रेते ज्या बाजारासाठी झगडत होते, त्या बाजारात हा प्रदेश अजून आलेलाच नव्हता.

४४ दिवस

कंपनी बुडाल्यावर १ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रं स्वतःकडे घेतली. इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असं नाव देऊन दोन वर्षं प्रयोग करून पाहायचं ठरलं. यंत्रसामग्री सरकारने ३ लाखांना घेतली. खर्च कमीत कमी ठेवला, तरी तूट येतच राहिली. मंदीच्या तडाख्यात दीड वर्षातच सरकारचा धीर सुटला आणि ऑक्टोबरचा तो निर्णय आला.

त्यानंतरच्या ४४ दिवसांत जे घडलं, त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. कंपनीच्या काळात विक्रेता आणि प्रसारक एकमेकांचे विरोधक होते. एक वसूल करणारा, दुसरा चुकवणारा. प्रसारणच बंद होणार म्हटल्यावर विक्रेत्याला आपलं खरं हित कळलं. १० टक्के देणं जड होतं, पण देण्याचं कारणच संपलं तर धंदाही संपत होता. इंग्लंडच्या कारखानदारांना जे १९२२ मध्ये दिसलं होतं, ते इथल्या व्यापाऱ्यांना नऊ वर्षांनी, संकटाच्या तोंडावर दिसलं. श्रोत्यांचंही तसंच. ज्याने शेकडो रुपये घालून सेट घेतला, त्याच्या घरात आता मुकी पेटी उरणार होती. विक्रेता आणि ग्राहक एरवी किमतीवरून भांडतात, पण इथे दोघांची मागणी एकच झाली. सरकार नमलं ते या एकीपुढे.

५ मे १९३२ रोजी प्रसारण कायम ठेवण्याचा निर्णय पक्का झाला. पण पैसा कुठून आणायचा? त्याचं उत्तर पुन्हा व्यापारातूनच काढलं गेलं. १९३२ मध्ये कायदा करून परदेशी रेडिओ सामानावरची जकात २५ वरून ५० टक्क्यांवर नेण्यात आली. आता बीजकं तपासणाऱ्या कंपनीला चुकवायचा प्रश्न नव्हता, वसुली बंदरातच होत होती. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय सेट नुसता बाळगणंही गुन्हा ठरलं. विक्रेत्यालाही वेगळा परवाना लागू लागला. विक्रेत्यांनी रेडिओ वाचवला, आणि त्याची किंमतही त्यांच्या मालावरच बसली.

आश्चर्य म्हणजे जकात दुप्पट होऊनही विक्री वाढली. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस लघुलहरींवर सुरू झाली आणि हिंदुस्थानातल्या युरोपियनांनी भराभर सेट घेतले. १९३२ अखेर ८,५५७ असलेले परवाने १९३४ अखेर १६,१७९ झाले. सेट महाग झाला, तरी ऐकायला काहीतरी आहे म्हटल्यावर लोकांनी तो घेतला. ज्या व्यापाराला फक्त किंमत आणि कर दिसतात, त्याच्यासाठी हा मोठा धडा होता. त्या जकातीच्या उत्पन्नावर प्रसारण सावरलं, १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं आणि महायुद्ध सुरू झालं त्या वर्षाच्या अखेरीस परवाने ९२ हजारांवर गेले.

नागपूरचा आवाज

चांद्याच्या वाट्याला या यशातलं थोडंच आलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात रेडिओची सहा केंद्रं होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. मध्य भारताचा मोठा पट्टा रिकामाच होता. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हा चांद्यापासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर पहिल्यांदा आपला म्हणावा असा आवाज उमटला. मुंबईनंतर २१ वर्षांनी. भामरागड आणि सिरोंचा त्या आवाजापासूनही अडीचशे किलोमीटरच्या आसपास दूर.

दरम्यान महाराष्ट्रात रेडिओचे कारखाने उभे राहिले. ठाण्याला मर्फी, पुण्याजवळ फिलिप्स. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही सुट्या भागांची पेठ झाली आणि ऑल इंडिया रेडिओ अँड इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनसारखी व्यापारी संघटना मुंबईतून काम करू लागली. १९६७ मध्ये सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांची एल्सिना ही संघटना झाली. टीव्ही उत्पादकांची सेटमा पुढे घरगुती उपकरणांनाही सामावून घेत सीमा झाली. १९३१ मध्ये निवेदनं देणारे आयातदार होते, आता कारखानदार होते.

सेट विकला जायला कार्यक्रम लागतो, हा धडा १९५० च्या दशकात पुन्हा एकदा गिरवला गेला. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केलं. शास्त्रीय संगीतावरचं त्यांचं प्रेम अस्सल होतं, पण श्रोता लघुलहरींवर रेडिओ सिलोनकडे वळला. लघुलहरी लांब पल्ल्याच्या असल्याने दूरच्या जिल्ह्यांतही सिलोन लागायचं. नागपूरच्या मध्यम लहरी जिथे क्षीण होत, तिथे श्रीलंकेतून येणारी गाणी पोचत. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीने हा श्रोता परत मिळवायला सुरुवात केली.

सरकारी प्रयोगही चांद्याला हुकत गेले. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या आकाशवाणीने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. हा प्रयोग जगभर नावाजला गेला. पण ते पाचही जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यातले होते. चांदा त्या वेळी मध्य प्रदेशात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला.

जंगलातलं गाव खऱ्या अर्थाने जोडलं गेलं ते ट्रान्झिस्टरमुळे. दोन-चार सेलवर महिनोन् महिने चालणारी, खांद्याला अडकवता येणारी ती पेटी. ना आम्लाची बॅटरी, ना खांब, ना अर्थिंग. वाणसामानाच्या दुकानात सेल मिळाला की काम झालं. जी साखळी १९३१ मध्ये चांद्याच्या पूर्वेला जाऊच शकत नव्हती, ती या शोधाने इतकी आखूड केली की आठवडी बाजारात येणाऱ्या माणसालाही ती आवाक्यातली झाली. परवाना मात्र सुटला नव्हता. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर तिकिटं लावून घ्यायची. तालुक्याच्या पोस्टापासून दिवसभराच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला शुल्कापेक्षा ती फेरीच महाग पडणार.

१९८२ : नवा जिल्हा, नवा पडदा

१९८२ हे वर्ष या पट्ट्यासाठी दुहेरी महत्त्वाचं. २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याच वर्षी नागपूरहून दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई खेळ होते. त्यासाठी रंगीत प्रसारण आलं, परदेशी संच आणि सुटे भाग आणायला सवलती मिळाल्या, आणि टीव्ही उत्पादकांना जे हवं होतं ते एका झटक्यात हाती आलं: नवा माल आणि तो घ्यावासा वाटेल असा कार्यक्रम. १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचं जाळं झपाट्याने पसरलं. १९८५ मध्ये रेडिओ आणि टीव्हीचं परवाना शुल्कच रद्द झालं. १९२७ पासून प्रसारक, विक्रेता आणि श्रोता यांच्यातल्या तंट्याचं जे मूळ होतं, ते ५८ वर्षांनी निघालं.

या वेळी अडचण विजेची होती. १९८० च्या दशकात चंद्रपूरजवळ दुर्गापूरला महाऔष्णिक वीज केंद्राचे संच एकामागून एक सुरू झाले. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि ते राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांपैकी एक आहे. या केंद्राच्या धुराड्यांमधून राख चंद्रपूरकरांच्या अंगणात पडत होती, वीज मात्र उच्च दाबाच्या तारांवरून दूरच्या शहरांकडे जात होती. गडचिरोलीच्या दक्षिण भागात अंधारच होता. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीची सुमारे १७ वर्षं विजेशिवाय दवाखाना चालवला. मुंबई-पुण्यात लोक रंगीत संचाचे हप्ते फेडत होते, तेव्हा त्याच राज्याच्या या कोपऱ्यात कंदिलाच्या उजेडात जखमा शिवल्या जात होत्या.

काय मिळालं, काय राहिलं

या साठ वर्षांच्या प्रवासात १९३१ चा तो लढा मोलाचा होता, यात शंका नाही. तेव्हा केंद्रं बंद झाली असती, तर ऑल इंडिया रेडिओची उभारणी किती वर्षं लांबली असती कोण जाणे. व्यापाऱ्यांनी आपल्या पोटासाठी आवाज उठवला आणि त्यातून लोकांचं भलं झालं. त्या जोरावर संघटित व्यापार ही धोरणात मोजावी लागणारी शक्ती ठरली आणि ती आजही तशीच आहे. ३२ इंचांवरच्या टीव्हीवर आणि एअर कंडिशनरवर २८ टक्के जीएसटी नको, अशी उद्योगाची मागणी वर्षानुवर्षं होती आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. १९३२ च्या जकातीपासून चालत आलेलाच हा वाद होता.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९३१ चा अपवाद सोडला, तर या साठ वर्षांत ज्या मागण्यांनी व्यापाराला एकत्र आणलं, त्या कर, आयात आणि परवान्याच्या होत्या. चांद्याला तेवढ्याने भागत नव्हतं. त्याला जवळचं केंद्र हवं होतं, वीज हवी होती, सुटा भाग आणि तो बसवणारा मेकॅनिक तालुक्याला हवा होता, आणि आपल्या भाषेतला कार्यक्रम हवा होता. मराठीच नव्हे, गोंडी आणि माडियातलाही, सिरोंचाकडे तेलुगूतलाही. यातलं बरंचसं एका ग्राहकाला विकता येत नाही, म्हणून ते कुणाच्याच मागणीपत्रात वर गेलं नाही. ते आलं ते सरकारी योजनांतून, तेही उशिरा. ट्रान्झिस्टरसारखा एखादा शोध अधूनमधून ही वाट जवळची करत राहिला, एवढंच.

आज रेडिओच्या जागी स्मार्टफोन आहे आणि प्रश्न मोबाइल मनोऱ्यांचा आहे. भामरागड तालुक्यातल्या दुकानदाराला फोन विकता येईल, पण रेंज विकता येणार नाही. १९३१ मध्ये मुंबई-कलकत्त्याच्या विक्रेत्यांनी ४४ दिवसांत ओळखलं की यंत्र आणि त्यामागची सेवा एकाच नशिबाला बांधलेली आहेत. आज व्यापारी संघटना सरकारकडे करसवलत मागायला जातात, तेव्हा त्या मागणीच्या शेजारी आडगावच्या मनोऱ्याची, अखंड विजेची आणि तालुक्याला दुरुस्ती केंद्राची मागणीही असायला हवी. त्यांचा पुढचा ग्राहक तिथेच राहतो, आणि त्याच्यासाठी भांडायला १९३१ सारखं संकट यायची वाट बघण्याचं कारण नाही.